नकाशात नसलेलं तळं

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
१२ जानेवारी २०२५

विनीता,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. सनीव्हेलचा पत्ता शैलजाच्या वहीतून घेतला. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. इथे थंडी खूप आहे. घर ठीक आहे.

एक काम आहे. तू दर दिवाळीला पुण्याहून मागवलेलं भिंतीवरचं कॅलेंडर तुझ्या ताईला पाठवायचीस, आणि वर्ष संपलं की ती जुनं कॅलेंडर तुला पाठवून द्यायची, कारण मागच्या बाजूच्या पाककृती तुला हव्या असायच्या. २०१६ ते २०२३ अशी आठ तुझ्याकडे असतील. २०२४चं इथे स्वयंपाकघरातच आहे. त्यावर अजून नोव्हेंबर आहे. मी पान उलटलेलं नाही.

ती आठ मला हवी आहेत. त्यांवर तिचं अक्षर आहे म्हणून. पाककृतींच्या हव्या तर कॉपी काढून ठेव, पण पानं कापू नकोस, पुढची बाजू शाबूत राहू दे. मार्चच्या आधी मिळाली तर बरं होईल.

तेराव्याला तू मला जे बोललीस ते मी मनाला लावून घेतलेलं नाही.

मनोहर


अ‍ॅशबर्न
१ फेब्रुवारी २०२५

विनीता,

तुझं कार्ड मिळालं. 'ताईचं अक्षर मलाही हवं आहे. नुसतं अक्षर हवं असतं तर भाऊजी, मार्चची घाई नसती. खरं काय ते लिहा.' तीनच वाक्यं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत.

लिहितो.

कॅलेंडरांच्या पुढच्या बाजूला, तारखांच्या चौकटींत, तिने तळ्यावरची मोजणी लिहून ठेवली आहे. तू कदाचित त्या खुणा पाहून काहीतरी घरगुती असेल म्हणून सोडून दिलं असशील. तुमची आई दुधाचे खाडे मांडायची तसंच आहे ते. फुली म्हणजे त्या दिवशी काही दिसलं नाही. आकडा म्हणजे बेडकांच्या अंड्यांचे तेवढे पुंजके पाण्यात होते. त्याच चौकटीत 'डेंटिस्ट' आणि 'भाजणी संपली' हेही आहे. वेगळी वही कर म्हणून मी एकदा सुचवलं होतं. वही हरवते, भिंत हरवत नाही, असं म्हणाली.

तळं तू पाहिलेलं आहे. घरामागच्या पायवाटेने वीस मिनिटांवर, ओकच्या झाडीत. हिवाळ्यात भरतं, जुलैपर्यंत आटून जातं. २०१६च्या मार्चमध्ये तू आली होतीस तेव्हा तुम्ही दोघी बेडकांच्या आवाजाच्या मागोमाग तिथे गेलात. बदकं आहेत असं तू म्हणत होतीस. तिथे तुला पिवळ्या ठिपक्यांचा सॅलमँडर दिसला, आणि तू पाल पाल म्हणून माझ्या बायकोच्या खांद्याला लटकलीस, हे ती सगळ्यांना सांगायची.

त्याच दिवशी तिने ठरवलं की तळ्याची ओटी भरायची. नव्या गावात राहायला आलं की नदीची भरतात, नदी इथून लांब आहे, हे पाणी जवळचं आहे, याच्यावर आपण राहतो. असं काहीतरी ती म्हणाली. तू आणलेला खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, आणि द्रोणात कापूर. तू दुसऱ्या दिवशी परत गेलीस. त्यानंतर काय झालं ते तिने तुला कधी सांगितलं नसावं. तुला वाईट वाटेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली तर तिथे एक मुलगी गुडघाभर पाण्यात जाळी घेऊन उभी होती. यामिनी. नागपूरच्या कॉलेजातून आलेली, इथे याच तळ्यांवर पीएच.डी. करत होती. तिने शैलजाच्या कपाळाकडे बघून मराठीत विचारलं, "काकू, हे कुंकू तुम्ही टाकलंत का?" कडेचं पाणी लाल झालं होतं. दोन पुंजके पांढरे पडले होते. यामिनीने सांगितलं की हे प्राणी कातडीनेच श्वास घेतात आणि कातडीनेच पाणी पितात, आणि या पाण्याला बाहेर जायला वाट नसते. पडलं ते राहिलं.

शैलजा घरी आली, चहाची गाळणी घेऊन परत गेली, आणि संध्याकाळपर्यंत पाण्यातून तांदळाचे दाणे वेचत बसली. त्या दिवशी जेवली नाही. पुढच्या रविवारी यामिनीला घरी बोलावलं, थालीपीठ केलं आणि विचारलं की मग याची ओटी भरायची कशी. ती मुलगी गोंधळली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही मोजा. कोणी मोजत नाही म्हणून ही तळी जातात. उन्हाळ्यात कोरडी असतात, आणि लोक म्हणतात, इथे काहीच नव्हतं."

तेव्हापासून ती मोजत होती.

तेराव्याला तू म्हणालीस की अस्थींमधलं थोडं त्या तळ्यात सोडू या, आणि मी फक्त 'नको' म्हणून आत निघून गेलो. तिचंच सांगणं होतं. माझं काही त्या पाण्यात टाकू नका, राख त्यांना सोसायची नाही. हे मी तेव्हा चार लोकांत सांगायला हवं होतं. माझ्याच्याने झालं नाही.

आता मार्चचं. ती झाडी एका बिल्डरने घेतली आहे. तिथे डेटा सेंटर व्हायचं आहे, तशी इथे चहूकडे झालेलीच आहेत. काउंटीची सुनावणी १२ मार्चला आहे. जो नकाशा दाखल झाला आहे त्यात तळं आलेलं नाही. यामिनी आता मेरीलँडमध्ये शिकवते. तिचं म्हणणं, तारीखवार नऊ वर्षांचे आकडे समोर ठेवले तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल. एका वर्षाचे माझ्याकडे आहेत, आठ वर्षांचे तुझ्याकडे.

मनोहर


अ‍ॅशबर्न
१५ फेब्रुवारी २०२५

विनीता,

माझ्या पत्राची कॉपी परत आली. 'तळं आलेलं नाही' याखाली तू रेघ मारली आहेस आणि कडेला लिहिलं आहेस: 'पाहणी कोणी केली?'

मी केली.

कॅलेंडरं पाठवायची की नाही हे तू हे पत्र वाचून ठरव. मी काही लपवणार नाही आता.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या कंपनीकडे ते काम आलं. कंपनी अतुलची आहे. तो इथेच जन्मलेला, त्याच्या वडिलांना मी ओळखायचो, म्हणून अजून मला काका म्हणतो. जागेवर मी एकटा गेलो. फाइल उघडेपर्यंत ती कोणती जागा आहे हे मला माहीत नव्हतं. नंतर माहीत होतं.

तळं कोरडं होतं. मी त्याच्या तळाशी उभा होतो. पायाखाली पानं होती, काळी, एकावर एक चिकटलेली. झाडांच्या बुंध्यांवर गुडघ्याच्या उंचीला पाण्याची रेघ होती, आपल्याकडे पुलाच्या खांबांवर असते तशी. कडेच्या एका रोपट्याला तिने नारिंगी फीत बांधली होती, मोजणी कुठून सुरू करायची ते कळावं म्हणून. तीस वर्षं मी जमिनीची पाहणी करतो. या खुणा वाचायचे मला पैसे मिळतात.

ऑफिसात परत आल्यावर अतुलने दारातूनच विचारलं, "काका, ड्राय आहे ना सगळं?" मी म्हणालो, ड्राय आहे. "मग तेच लिहा ना." त्याला दुसरं काही माहीत नव्हतं. माझी बायको तिथे बेडकांची अंडी मोजते हे मी ऑफिसात कधी कोणाला सांगितलं नव्हतं. लोक हसतील असं वाटायचं. मी लिहिलं: पाहणीच्या दिवशी उघडं पाणी आढळलं नाही. खाली सही केली, शिक्का मारला. वाक्य खरं आहे. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे.

जुलैपासून तिच्या तपासण्या चालू होत्या. इन्शुरन्स माझ्या नोकरीवर होता. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे. पण खरं लिहिलं असतं म्हणून अतुलने मला काढलं असतं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. काम लांबलं असतं, बिल्डर चिडला असता, एक मीटिंग वाढली असती. मला कुठेही आवाज वाढलेला सहन होत नाही, हे तुला माहीत आहे.

आणि ती फीत. मी ती सोडवून खिशात टाकली. मागून येणाऱ्या मोजणीच्या लोकांनी विचारलं असतं की ही कशाची. तेवढ्यासाठी. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ऑक्टोबरमध्ये पायवाटेवर सुनावणीची पाटी लागली. तिला तेव्हा चालवत नव्हतं, शेजारच्या बाईंनी सांगितलं. रात्री जेवताना तिने मला विचारलं, "तुमच्या ऑफिसचं काम आहे म्हणे. नकाशात तळं आहे ना?"

मी म्हणालो, "आहे."

"मग झालं," म्हणाली. तिने आमटी वाढून घेतली. बऱ्याच दिवसांनी थोडं जेवली. ती त्या आठवड्यात तुझ्याकडून कॅलेंडरं मागवणार होती, यामिनीला देण्यासाठी. तसं चौकटीत लिहिलेलं आहे: 'विनूला फोन, जुनी कॅलेंडरं.' दुसऱ्या दिवशी त्यावर काट मारली आहे. माझ्या 'आहे'मुळे.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता. डॉक्टरांनी मला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. तू विचारलंस, येऊ का लगेच. मी म्हणालो, विशेष काही नाही, सावकाश ये, तिकिटं महाग आहेत. तू सावकाश आलीस. दोन दिवस उशिरा. तेराव्याला तू म्हणालीस, "भाऊजी, तुम्ही माझी बहीण मला न दाखवता नेलीत." मनाला लावून घेतलं नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. रोज आठवतं.

दोन्ही वेळा मी तेच केलं. समोर दिसत होतं आणि काही नाही असं सांगितलं.

सुनावणीला मी जाणार आहे, तू कॅलेंडरं पाठवलीस तरी आणि नाही पाठवलीस तरी. शिक्का मागे घेतो असं पत्र काउंटीला सोमवारी टाकणार आहे. अतुलला आधी सांगेन, समोर बसून. त्याला हे पत्रातून कळू नये.

मनोहर


अ‍ॅशबर्न
४ मार्च २०२५

विनीता,

पार्सल गेल्या आठवड्यात आलं. आत चिठ्ठी आहे का म्हणून खोकं दोनदा पाहिलं. नाही. ठीक आहे.

आठ मागितली होती, आत नऊ निघाली. नववं यंदाचं, २०२५चं आहे, अजून प्लास्टिकमध्ये. ते चुकून आलं नसावं असं मी समजतो. तसं नसेल तर परत पाठवतो.

यामिनी शनिवारी आली. आम्ही स्वयंपाकघराच्या जमिनीवर सगळी पसरून आकडे उतरवले. मी वाचत होतो, ती लॅपटॉपवर टाकत होती. २०१७च्या मार्चमध्ये नऊ दिवस सलग फुल्या आहेत, आणि मग बत्तीस. त्या बत्तीसच्या शेजारी 'आले!' लिहिलंय. एका पानावर भाजलेल्या वांग्याचा डाग आहे. यामिनीने विचारलं, इथे चौकटीत 'सब्जा' कशाला. अंडी ताजी असली की भिजवलेल्या सब्जासारखी दिसतात, मधे काळा ठिपका, भोवती पारदर्शक. ती तसंच लिहायची.

एक गोष्ट यामिनीने सांगितली, ती मला माहीत नव्हती. सॅलमँडरची एक जात शरद ऋतूत, तळं कोरडं असतानाच, त्या काळ्या पानांखाली अंडी घालते. आणि आई त्यांच्याभोवती वेटोळं करून बसून राहते, पाणी येईपर्यंत. शैलजाने ते सप्टेंबरच्या चौकटींत लिहिलं आहे: 'ओंडक्याखाली दोघी बसल्या आहेत.' मी दरवर्षी स्वयंपाकघरात चहा पिताना हे वाचलं असणार. तिथे कोण बायका बसतात, असं एकदा विचारल्याचंही आठवतं. ती हसली होती, आणि मी पुढे विचारलं नव्हतं.

अतुलला सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "काका, यू कुड हॅव जस्ट टोल्ड मी. एक फोन." मग म्हणाला की त्याला वकिलाशी बोलावं लागेल. शुक्रवारी मी ऑफिसची किल्ली देऊन आलो.

मनोहर


अ‍ॅशबर्न
१६ मार्च २०२५

विनीता,

सुनावणी झाली. तुला कळवणं माझं काम आहे म्हणून लिहितो.

प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. माझ्या आधी दोघे रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलले, एक बाई यंत्रांच्या घरघरीबद्दल बोलल्या. मग माझं नाव पुकारलं. मी ते लिहून नेलं होतं. वाचताना दुसऱ्या पानावर थांबलो, म्हणून यामिनीने पुढे येऊन पाण्याचा ग्लास ठेवला. मी सांगितलं की पाहणी माझी आहे, शिक्का माझा आहे, तिथे तळं आहे हे मला नऊ वर्षं माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही. कॅलेंडरं टेबलावर ठेवली.

बिल्डरच्या वकिलांनी ती उचलून पाहिली. म्हणाले, हे तर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आहे, आणि इंग्रजीतही नाही. सभागृहात थोडे लोक हसले. अध्यक्षबाईंनी मला विचारलं की हे कोणी लिहिलं. मी म्हणालो, माझ्या बायकोने. त्या बोलायला येऊ शकतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. त्या समजल्या. मग त्यांनी एप्रिल २०१९चं पान उघडून आकड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही फुली म्हणजे काय. मी सांगितलं, त्या दिवशी ती गेली होती आणि काही नव्हतं. काही नव्हतं तेही तिने लिहिलं आहे.

यावर कोणी हसलं नाही.

निर्णय पुढे ढकलला आहे, जूनपर्यंत. या वसंतात दुसऱ्या कोणाकडून नव्याने पाहणी होणार. तळं नकाशात येईल, एवढं नक्की. त्याने ते वाचेल असं मात्र नाही. यामिनी म्हणते, नुसतं पाणी ठेवून भोवतीची झाडी तोडली तर तळं ठेवून उपयोग नाही. हे प्राणी वर्षातले अकरा महिने पानांखाली जमिनीत राहतात. आणि उत्तरेकडची झाडी तर शेजारच्या प्लॉटसाठी आधीच साफ झाली आहे. तिकडून आता आभाळ दिसतं. माझ्या लायसन्सची चौकशी व्हायची आहे. ती व्हायलाच हवी.

काल सकाळी तळ्यावर गेलो. पाणी असताना पहिल्यांदाच. ती इतकी वर्षं बोलवायची आणि मी पायवाटेवर थांबून फोन बघायचो. आवाज लांबून आला. बदकंच वाटतात, तुझं बरोबर होतं. मी जवळ गेलो तसे सगळे गप्प झाले. पंधरा मिनिटं हललो नाही, मग एकाने सुरुवात केली. मी तिथे का उभा होतो कोणास ठाऊक, पण हात जोडले गेले. मी देवाधर्माचा माणूस नाही. ऑगस्टमध्ये मी जिथे उभा राहून काही नाही असं ठरवलं, तिथेच गुडघाभर पाणी होतं आणि ते सगळं जिवंत होतं. त्यांनी आमच्याकडून काहीच मागितलं नव्हतं.

फीत त्याच रोपट्याला बांधली. ते आता माझ्या खांद्याएवढं झालं आहे. तिथून सुरू करून कडेने मोजलं. दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा एकोणचाळीस आले आणि दुसऱ्यांदा एकेचाळीस. घरी येऊन नोव्हेंबरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि तुझं लावलं. १५ मार्चच्या चौकटीत दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह. ती असती तर तिसऱ्यांदा मोजायला लावलं असतं.

तिला मी 'आहे' म्हणालो होतो, ते जूनमध्ये खरं होईल. तिच्या हयातीत ते खोटंच होतं. ते काही बदलत नाही, आणि तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही.

पण मला नीट मोजता येत नाही. काठाजवळचे दिसतात, मधले दिसत नाहीत. सप्टेंबरात तळं कोरडं असताना पानांखाली कुठे पाहायचं हेही कळत नाही, आणि यामिनी दरवेळी येऊ शकत नाही. तू तुझ्या ताईबरोबर गेली होतीस. तुला जागा आठवत असेल.

येणार असलीस तर खण आणू नकोस, कुंकू नको. बूटही आणू नकोस. तिचे रबरी बूट गॅरेजमध्ये आहेत, मी धुवून ठेवले आहेत. मला होत नाहीत. तुम्हा दोघींच्या पायांचं माप एकच होतं.

मनोहर